भाकरीच्या दुरडीची नोंद कोण करणार? युद्धकाळातील स्त्रिया आणि आपला मुक्तिसंग्राम

काळी_माती (परभणी जिल्हा)

यंदा १७ सप्टेंबरला आमच्या गावच्या शाळेत झेंडावंदन झाल्यावर हैदराबाद मुक्तिसंग्रामात, म्हणजे निजामाच्या राज्यातून सुटण्याच्या लढ्यात, भाग घेतलेल्या गावकऱ्यांची नावे वाचून दाखवण्यात आली. एकूण अकरा नावे होती आणि ती सगळी पुरुषांची होती. ती माणसे थोर होती, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदराशिवाय दुसरे काही नाही. परंतु त्या अकरांपैकी सात जण ज्या काळात ओढ्याकाठच्या शिंदीच्या बनात लपून राहत होते, त्या काळात त्यांना रोज रात्री ज्या घरातून भाकरी जात होती ते घर माझ्या आजीचे होते, आणि आजीचे नाव त्या यादीत नाही. ते कुठल्याच यादीत नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, नुकतीच नांदायला आलेली होती. १९४८ च्या उन्हाळ्यापासून सप्टेंबरात पोलीस ॲक्शन (भारतीय सैन्याची कारवाई) होईपर्यंत आमच्या भागात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, टोळ्या आणि निजामाचे पोलीस कधी येतील याचा नेम नसे. बनात कधी सात, तर कधी वीस माणसे असत. वीस माणसांना दोन वेळच्या भाकरी द्यायच्या, म्हणजे रोजच्या सव्वाशे-दीडशे भाकरी झाल्या, आणि त्यासाठी चौदा-पंधरा किलो ज्वारी जात्यावर दळावी लागे. हा हिशेब मी आजीकडून ऐकून मांडला आहे. गावात गिरणी नव्हती. एकाच घरातून इतक्या दळणाचा आवाज रात्रभर येत राहिला, तर पाटलाच्या माणसाला संशय आला असता, म्हणून पाच घरांतील बायकांनी दळण वाटून घेतले होते आणि प्रत्येक घरची पहाट थोडी पुढेमागे केली होती. भाकरी रात्री भाजायच्या, कारण दिवसा धूर दिसतो. पण रात्री चुलीचा उजेड दिसतो, म्हणून दाराला आणि झरोक्याला घोंगडी लावायची, आणि त्या धुरात बसून सव्वाशे भाकरी थापायच्या. आजीचे डोळे त्याच वर्षी अधू झाले असे ती म्हणत असे.

भाकरी पोचवण्याचे काम पहाटे होई. गोवऱ्या वेचायला किंवा सरपणाला निघालेल्या बाईला सहसा कोणी अडवत नसे, त्यामुळे दुरडीत खाली भाकरी, वर फडके आणि त्यावर गोवऱ्या अशी रचना असे. त्याच दुरडीतून चिठ्ठ्याही गेल्या आहेत आणि दोन वेळा काडतुसेही गेली आहेत. चिठ्ठीत काय आहे हे आजीला वाचता येत नव्हते. सापडली असती तर शिक्षा मात्र तिलाच झाली असती.

धान्याची गोष्ट याहून मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात सक्तीची लेव्ही (शेतकऱ्याकडून सरकारने धान्य वसूल करणे) सुरू झाली होती आणि पुढे लेव्हीला विरोध हा आंदोलनाचाच एक भाग झाला. करोडगिरीची (जकातीची) नाकी उठवणे, शिंदीची झाडे तोडणे यांबरोबर लेव्हीचे धान्य न देणे हेही आलेच. न दिलेले धान्य ठेवायचे कुठे? पांढरीतल्या (गावठाणातल्या) पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात. पेवाचे तोंड बुजवून, त्यावर माती सारवून, वर उतरंड मांडायची किंवा गोठा करायचा, हे काम बायकांचे होते. बंद पेव उघडल्यावर त्यातली कोंदलेली हवा माणसाचा जीव घेते, म्हणून ते बराच वेळ उघडे ठेवून, आत कंदील सोडून, तो विझत नाही हे पाहूनच उतरायचे असते. आमच्या गावात हे पाहून आत उतरायचे की नाही ते सांगणारी माणसे म्हणजे आजी आणि तिची जाऊ.

पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनासाठी लोकांनी अर्ज केले, तेव्हा माझ्या वडिलांनी आजीच्या नावाचाही अर्ज एका कार्यालयात नेऊन दिला होता. तिथे विचारलेले प्रश्न वडील शेवटपर्यंत विसरले नाहीत : कोणत्या तुरुंगात होत्या, किती महिने होत्या, कोणत्या कॅम्पवर (लढणाऱ्यांच्या तळावर) होत्या, कॅम्पप्रमुखांचे प्रमाणपत्र कुठे आहे? आजी तुरुंगात गेली नव्हती. ती गेली असती तर बनातली माणसे उपाशी राहिली असती. ती कॅम्पवर नव्हती, कारण तिच्या घराशेजारीच कॅम्प होता. अर्ज परत आला. आजीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, परंतु मला ती गोष्ट आजही बोचते. पैशाचे दुःख नाही. तिने जे केले त्याला शासनाच्या कागदावर नाव नव्हते, हे दुःख आहे.

जगातील कोणत्याही युद्धाकडे पाहिले तरी हाच प्रकार दिसतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत लाखो स्त्रिया काम करत होत्या. स्फोटकांतील रसायनाने त्यांची कातडी पिवळी पडत असे, आणि युद्ध संपताच त्यांतील बहुतेकींना घरी पाठवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात सुमारे आठ लाख स्त्रिया होत्या. त्यांत वैमानिक होत्या, नेमबाज होत्या, आघाडीवरून जखमींना पाठीवर ओढून आणणाऱ्या परिचारिकाही होत्या. ज्यांच्या हाती बंदूक होती त्यांची नावे निदान काही प्रमाणात राहिली. ज्यांच्या हाती पोळपाट, सुई किंवा नांगर होता त्यांची राहिली नाहीत.

आपल्या मराठवाड्यातील जुन्या बायकांनी ‘रझाकारीत’ काय काय केले, याच्या ज्या गोष्टी आपापल्या घरांत सांगितल्या जातात, त्या इथे लिहाव्यात अशी विनंती आहे. त्या काळी सोळा वर्षांची असलेली बाई आज नव्वदीच्या पुढे आहे.

पैनगंगा (नांदेड)

ताई, हा धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या बाजूची थोडी माहिती देतो.

नांदेड भागातील पुष्कळ कुटुंबे तेव्हा पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे गेली. जुनी माणसे याला ‘मोगलाईतून इंग्रजीत गेलो’ असे म्हणत. निजामाचा मुलूख म्हणजे मोगलाई आणि नदीपलीकडे इंग्रजांचा अंमल होता तो मुलूख म्हणजे इंग्रजी, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही काही काळ बोलण्यात तेच शब्द राहिले. उमरखेडला (हैदराबाद) स्टेट काँग्रेसचा, म्हणजे हा लढा चालवणाऱ्या संघटनेचा, कॅम्प होता. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्यासाठी नेल्याची हकिगत आपण सर्वांनी ऐकलेली आहे, आणि त्यात भाग घेणाऱ्यांची नावेही आपल्याला माहीत आहेत. सरहद्दीवरच्या कॅम्पांचे रोजचे चालवणे मात्र फार कमी लिहिले गेले. कॅम्प म्हणजे शंभर-दीडशे माणसांचे बिऱ्हाड. त्यात स्वयंपाक, जखमींची शुश्रूषा, पळून आलेल्या बायकामुलांची सोय, बाळंतपणे हे सगळे आले. आशाताई वाघमारे, प्रतिभाताई वैशंपायन, बीडच्या पानकुंवर कोटेचा ही नावे मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात येतात, परंतु एखाद्या परिच्छेदाच्या शेवटी, ‘यांनीही मोलाचा वाटा उचलला’ एवढ्या एका वाक्यात. मोल किती आणि वाटा कोणता, हे पुढच्या वाक्यात यायला हवे होते.

आमच्या घरातील एक गोष्ट सांगतो. माझ्या पणजीने नदी ओलांडताना घरातील देवांऐवजी बियाण्याची ज्वारी आणि जात्याची वरची तळी घेतली होती. देव का आणले नाहीत असे सासूने विचारल्यावर ती म्हणाली होती, की देव पाठोपाठ येतील, तळी येणार नाही. पलीकडे गेल्यावर त्या एका तळीवर, खालची तळी उसनी घेऊन, सहा कुटुंबांचे दळण झाले.

बालाघाट (धाराशिव)

आपल्या आजींविषयी पूर्ण आदर ठेवून थोडा वेगळा मुद्दा मांडतो.

स्त्रियांच्या योगदानाविषयी बोलताना आपण पुन्हा चूल, जाते आणि दुरडी यांच्याकडे गेलो, तर ज्या स्त्रियांनी प्रत्यक्ष शस्त्र घेतले त्यांच्यावर दुहेरी अन्याय होईल असे मला वाटते. आमच्या जिल्ह्यात भूम तालुक्यातील ईट गावच्या गोदावरीबाई टेके रझाकारांशी लढताना हुतात्मा झाल्या. जालना जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांना लोक मराठवाड्याची झाशीची राणी म्हणत. त्या घोड्यावर बसत, हत्यारे चालवत आणि भूमिगतांना शस्त्रे पोचवत. या दोघींची नावे आजच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत? मी स्वतः महाविद्यालयात शिकवतो. दरवर्षी पहिल्या दिवशी मी मुलांना झाशीच्या राणीविषयी विचारतो, तेव्हा सगळे हात वर होतात. दगडाबाईंविषयी विचारतो, तेव्हा एखादाच हात वर होतो, आणि तो बहुधा त्यांच्याच बदनापूर भागातल्या मुलाचा असतो.

स्त्री म्हणजे अन्नपूर्णा ही कल्पना समाजाला आवडते, कारण ती सोयीची आहे. हातात बंदूक घेतलेली बाई अडचणीची वाटते. म्हणून मला असे वाटते की आधी या लढवय्या स्त्रियांना त्यांच्या जागी बसवावे.

काळी_माती

दादा, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. गोदावरीबाई आणि दगडाबाई यांची नावे प्रत्येक शाळेत घेतली गेली पाहिजेत, हे मला पूर्ण मान्य आहे.

परंतु माझ्या आजीला मी अन्नपूर्णा म्हटलेले नाही आणि कोणी म्हटले तर मला ते आवडणार नाही. अन्नपूर्णा म्हणताना आपण त्या कामातील धोका पुसून टाकतो. घरच्या माणसांसाठी भाकरी करणे आणि घराला आग लागू शकते हे माहीत असताना फरारी माणसांसाठी भाकरी करणे, या दोन गोष्टी एकच नाहीत. फौजेत रसद पोचवणाऱ्या तुकडीला सैनिकच मानतात, त्यांना वेतन असते, पदक असते, मृत्यूनंतर मानवंदना असते. गावातील बाईने तेच काम केले तर ते घरकाम ठरते. मला आक्षेप आहे तो या फरकाला. बंदूकवाली आधी की दुरडीवाली आधी, असा क्रम लावण्याची गरज मला वाटत नाही. दगडाबाई ज्या गावात रात्री थांबत असतील, तिथेही कोणीतरी बाईच दार उघडत असेल.

गडमाहूर

मराठवाड्यातील लढवय्या स्त्रियांचा विषय निघाला आहे म्हणून एक नाव घेतो. माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातील सावित्रीबाई, म्हणजेच इतिहासातील रायबाघन.

त्या मोगलांच्या बाजूने लढल्या. त्यांचे शौर्य पाहून औरंगजेबाने त्यांना ‘रायबाघन’ हा किताब दिला होता. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात उतरवले, तेव्हा त्या फौजेबरोबर रायबाघन होत्या. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी ही फौज कोंडली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, पाणी मिळेना. त्या वेळी कारतलबखानाला शरण जाण्याचा सल्ला देणाऱ्या रायबाघनच होत्या. खानाने तो ऐकला, खंडणी भरली आणि फौज जिवंत बाहेर पडली.

आपण ही कथा महाराजांच्या युद्धकौशल्याची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु हजारो माणसे एका अरुंद खिंडीत मरणाच्या तोंडावर उभी असताना मान सोडून माणसे वाचवण्याचा निर्णय घ्यायला लावणारी सेनानी माहूरची होती, हे माहूरमध्येसुद्धा फारसे कोणी सांगत नाही. ती आपल्या बाजूची नव्हती म्हणून तिचे युद्धनेतृत्व खोटे ठरत नाही. ताराबाईंनी १७०० पासून औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत स्वराज्याचा लढा चालवला, याचा आपल्याला अभिमान आहे, आणि त्यांच्या कर्तृत्वाची दखल खाफीखानासारख्या मोगल इतिहासकाराने घेतली आहे. शत्रुपक्षाच्या इतिहासकाराने आपल्या राणीला न्याय दिला, मग आपण रायबाघनला द्यायला हरकत नसावी.

केळणाकाठ (भोकरदन)

मी असईच्या जवळचा आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणेच्या काठी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्लीची लढाई झाली, हे सर्वांना माहीत आहे. त्या लढाईत शिंद्यांच्या बाजूने सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी होत्या. दिल्लीजवळच्या एका जहागिरीची मालकीण असलेल्या स्त्रीचे शिपाई आमच्या नदीकाठी उभे होते, ही गोष्ट मला लहानपणी कोणी सांगितली नाही. ती मोठेपणी वाचताना कळली.

परंतु मला अधिक बोलायचे आहे ते लमाणांविषयी. दख्खनमधील फौजा शेकडो वर्षे लमाण तांड्यांच्या बैलांवर जगल्या. मोगलांनी त्यांच्याकडून धान्य घेतले, मराठ्यांनी घेतले, आणि वेलस्लीच्या फौजेची रसदही मोठ्या प्रमाणात त्यांच्यावर अवलंबून होती. तांडा म्हणजे एकट्या पुरुषांची टोळी नव्हे. बायका, मुले, बैल, कुत्री असा सगळा संसार चालता असे. बैल लादणे, उतरवणे, हाकणे, मुक्कामाला पाणी शोधणे यांत बायकांचे हात बरोबरीने असत. लढाईच्या नकाशावर घोडदळ, पायदळ आणि तोफखाना दाखवतात. धान्याच्या गोण्या घेऊन मागून येणारी बाई त्या नकाशावर कधीच नसते, आणि ती एक दिवस उशिरा आली तर घोडदळाला माघार घ्यावी लागते.

पानिपताचेही तसेच. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव करून भाऊसाहेबांची फौज मार्चमध्ये परतुराहून उत्तरेला निघाली. म्हणजे पानिपताचा रस्ता आपल्या जालना जिल्ह्यातून सुरू होतो. त्या फौजेबरोबर भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंसारख्या सरदार घराण्यांतील स्त्रिया होत्या, यात्रेकरू बायका होत्या, आणि ज्यांची मोजदाद कोणी केली नाही अशा दळणाऱ्या, कांडणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बायकाही होत्या. १४ जानेवारी १७६१ नंतर यांतील असंख्य बायका अब्दालीच्या सैन्याने गुलाम म्हणून नेल्या. परतीच्या वाटेवर शिखांनी त्यांतील पुष्कळ सोडवल्या. पार्वतीबाई परत आल्या हे आपल्याला माहीत आहे. परतुराच्या पंचक्रोशीतून गेलेल्या ज्या परत आल्या नाहीत, त्यांच्यासाठी एक दगडही कुठे उभा नाही.

शुश्रूषा (लातूर)

मी सैनिकी परिचर्या सेवेतून निवृत्त झालेली अधिकारी आहे. सहसा मी लिहीत नाही. आज लिहावेसे वाटले.

काळी_माती यांनी रसदेच्या तुकडीचे उदाहरण दिले, ते मला फार पटले, कारण परिचर्येचा इतिहासही तोच आहे. क्रिमियाच्या युद्धात १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह स्कुटारीला पोचली, तेव्हा सैनिक जखमांपेक्षा हगवण, पटकी आणि तापाने अधिक मरत होते. तिला आपण हातात दिवा घेतलेली दयाळू बाई म्हणून ओळखतो. प्रत्यक्षात तिचे मोठे काम आकडेवारीचे होते : कोण कशाने मेला, याची तिने नोंद ठेवली, तक्ते काढले आणि सरकारपुढे ठेवले. दिव्याचे चित्र राहिले आणि तक्ते मागे पडले. स्त्रीच्या कामातील माया लोकांना दिसते, त्यातील बुद्धी दिसत नाही.

भारतात सैन्यासाठी प्रशिक्षित परिचारिका १८८८ मध्ये प्रथम आल्या. त्या दहा जणी होत्या आणि मुंबईला उतरल्या. १९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर (ब्रिटिश भारतीय सैन्याचे स्त्रियांचे साहाय्यक दल) स्थापन झाली आणि भारतीय मुली टंकलेखन, दळणवळण, विमानविरोधी पहारा अशा कामांत आल्या. त्यानंतरच्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९४३ रोजी, सिंगापूरमध्ये आझाद हिंद सेनेच्या राणी झाशी रेजिमेंटचे प्रशिक्षण शिबिर सुरू झाले. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या हाताखालील त्या मुलींपैकी पुष्कळ जणी मलायातील रबराच्या मळ्यांत वाढलेल्या तमिळ मुली होत्या. ज्या देशासाठी त्या बंदूक शिकल्या तो देश त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. लढ्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी भारतीय मुली गणवेशात उभ्या होत्या, हे मला सेवेत असताना नेहमी जाणवत असे.

पुढची वाट किती संथ होती तेही पाहा. परिचर्या आणि वैद्यकीय सेवा सोडून इतर शाखांत स्त्री अधिकारी १९९२ पासून येऊ लागल्या, आणि त्यांना स्थायी कमिशन (निवृत्तीपर्यंतची नेमणूक) देण्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० रोजी आला. माझ्या गावात आजही मला ‘मिलिटरीतली नर्सबाई’ म्हणतात, आणि त्यात प्रेम असते हे मी जाणते; परंतु माझ्या खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे होते, हे सांगावे लागते.

बिंदुसरा (बीड)

हे लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. धाग्याचा विषय स्त्रियांचा आहे, म्हणून लिहिते.

माझी नानी मुसलमान शेतकरी कुटुंबातील होती. तिच्या घरातील कोणी रझाकार नव्हते. पोलीस ॲक्शन १३ ते १७ सप्टेंबर अशी पाच दिवसांची होती. तिच्या आठवणीत ती पुढे दोन महिने चालली. त्या काळात गावोगावी जे घडले त्याची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. त्या समितीने कमीत कमी २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत धाराशिव आणि नांदेड ही आपली दोन नावे आहेत. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत. त्यानंतर निरपराध माणसांवर झालेले अत्याचारही खरे आहेत. दोन्ही वेळा बायकांच्या वाट्याला जे आले ते सारखेच होते, आणि विहिरींनी दोन्ही पाहिले आहे.

नानीला आणि तिच्या दोन लहान बहिणींना शेजारच्या एका मराठा घरातील बाईने अकरा दिवस बळदात ठेवले होते. बळद म्हणजे भिंतीतील धान्याची कोठी. आत अंधार आणि वर माळवद. त्या बाईने भोवती कडबा रचला होता आणि स्वतःच्या मुलांनाही सांगितले नव्हते, कारण मुले खेळताना बोलून जातात. ती रात्री एकदा खाली उतरून भाकरी आणि पाणी देत असे. त्याच बाईच्या भावाला काही महिन्यांपूर्वी रझाकारांनी मारले होते. नानीने तिला नंतर विचारले, की तुला आमचा राग आला नाही का? त्यावर तिने उत्तर दिले नाही. नानीच्या केसांना तेल लावले.

काळी_माती ताई, ही बाई तुमच्या यादीत बसते का?

काळी_माती

ताई, ती आधी बसते. तिच्यापुढे माझी आजीसुद्धा मागे सरकून जागा देईल. तुम्ही लिहिलेत म्हणून तुमचे आभार मानायलाही शब्द पुरत नाहीत.

मांजरा

एक छोटी भर. १९७१ च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी उखडली, तेव्हा जवळच्या माधापर गावातील सुमारे ३०० स्त्रियांनी ७२ तासांत ती दुरुस्त केली. विजय कर्णिक हे तिथले मराठी हवाई दल अधिकारी होते. भोंगा वाजला की त्या बायका झुडपांत लपत, भोंगा थांबला की पुन्हा कामाला लागत. वरून काम ओळखू येऊ नये म्हणून त्या हिरव्या साड्या नेसत आणि पट्टीवर शेण सारवत. शेणाने सारवण्याचे काम संरक्षणाच्या कामी आले, ही गोष्ट बालाघाट दादांच्या प्रश्नाशी जोडून वाचावी असे वाटते.

काळी_माती

आतापर्यंत जे आले ते वाचून पुढचे काम सुचले आहे. आपल्याच जुन्या संस्थानातील तेलंगणात चाकली ऐलम्मा, मल्लू स्वराज्यम यांच्यासारख्या स्त्रिया शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्यात होत्या. १९८० च्या दशकात हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने त्या लढ्यातील स्त्रियांना गावोगावी जाऊन भेटले, त्यांच्याच शब्दांत त्यांची हकिगत लिहून घेतली आणि प्रसिद्ध केली. त्यामुळे तिथली बाई स्वतःच्या आवाजात बोलते. मराठवाड्यात हे काम आपण त्या प्रमाणात केले नाही, आणि आता फार थोडे दिवस उरले आहेत.

माझी विनंती अशी आहे, की आपापल्या घरातील किंवा गल्लीतील नव्वदीच्या पुढच्या बाईजवळ बसून फोनवर तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. ‘तुम्ही लढ्यात काय केले?’ असा प्रश्न विचारू नये. बहुतेक जणी ‘काही नाही’ म्हणतील, माझी आजीही तेच म्हणत असे. त्याऐवजी पेव कुठे होते, रात्री दळण किती होत होते, पळापळीत काय बरोबर घेतले, कोणाला घरात ठेवले, कोण परत आले नाही, असे विचारावे. त्यांची भाषा बदलू नये. गावाचे नाव आणि साल लिहावे, आणि ज्या गोष्टी घरच्यांना उघड करायच्या नसतील त्या तशाच राहू द्याव्यात.

बालाघाट

ताई, मी तुमच्या वरच्या प्रतिसादानंतर चार दिवस काही लिहिले नाही, कारण मी भूमकडे माझ्या आत्याकडे गेलो होतो. आत्या त्र्याण्णव वर्षांच्या आहेत. तुम्ही सुचवलेला पेवाचा प्रश्न त्यांना विचारला. पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाताला धरून मागच्या परसात नेले, तुळशीच्या कट्ट्यापासून सात पावले मोजली आणि तिथे काठी टेकवून उभ्या राहिल्या. त्या जागेवर आज सिमेंटचा ओटा आहे. त्या म्हणाल्या, की खाली दोन माणसे होती, तीन रात्री, आणि तोंडावर वाळत घातलेल्या मिरच्या होत्या. शोधायला आलेल्यांना शिंका आल्या म्हणून ते परसात थांबले नाहीत.

माझ्या आजोबांना याची कल्पना होती का, असे मी विचारले. आत्या म्हणाल्या, ‘त्याला कशाला सांगायचं? तो घाबरला असता.’

ध्वनिमुद्रण एक तास वीस मिनिटांचे झाले आहे. पुढच्या रविवारी शेजारच्या गावातील दोघींकडे जाणार आहे.